चहा स्वस्त झाला, म्हणून बुडवला: स्टँप अ‍ॅक्ट आणि टी अ‍ॅक्ट

'इंग्रजांनी चहावर कर वाढवला, चहा महागला, म्हणून बॉस्टनच्या लोकांनी तो समुद्रात फेकला.' अमेरिकेतल्या 13 ब्रिटिश वसाहतींबद्दल हे वाक्य इतकं रुळलंय की ते चूक आहे हे सांगितल्यावर लोक चमकतात. यात 1765चा स्टँप अ‍ॅक्ट आणि 1773चा टी अ‍ॅक्ट यांची खिचडी झाली आहे. नवा कर आणला तो पहिल्याने. दुसऱ्याने एका पैचाही नवा कर बसवला नाही, उलट चहाचा भाव पाडला.

स्टँप अ‍ॅक्ट आपल्याला समजायला सोपा, कारण स्टँप पेपर आपल्या ओळखीचा. 1763 साली फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं. अमेरिकेत सुमारे 10,000 सैनिक ठेवायचे, तर त्यांचा थोडा खर्च तिथल्याच लोकांनी उचलावा, असं पंतप्रधान ग्रेनव्हिलचं गणित. लंडनमध्ये दाबून उठवलेला शिक्का असलेला कागद जहाजाने तिकडे जायचा. दस्त, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, सगळं त्याच कागदावर. पत्त्यांच्या एका कॅटवर 1 शिलिंग, फाशांच्या जोडीवर 10 शिलिंग. तेही स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश चलनात, जे वसाहतींत आधीच दुर्मीळ होतं. कर चुकवला तर खटला सागरी न्यायालयात चालू शकायचा, आणि तिथे ज्युरी नसे. इंग्लंडमधले लोक असा कर 1694पासून भरत होते, त्यामुळे एवढा गहजब कशासाठी, हे लंडनला कळेना. पण ज्यांच्या हातात लेखणी आणि छापखाना, त्या वकील-मुद्रकांच्याच खिशात सरकारने हात घातला होता. शिवाय ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने आपल्यावर कर बसवायचा कसा, हा मूळ मुद्दा होताच.

या कायद्याची दुखरी नस म्हणजे कागद विकणारा नेमलेला वितरक. 14 ऑगस्ट 1765 रोजी बॉस्टनमध्ये वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पद सोडायची तयारी दाखवली. कायदा 1 नोव्हेंबरला लागू झाला तोवर बहुतेक वसाहतींत कागद विकायला माणूसच उरला नव्हता. जॉर्जियात तेवढी थोडी विक्री झाली. त्यात वसाहतींतल्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, मग लंडनचे व्यापारीच ओरडू लागले. मार्च 1766मध्ये कायदा रद्द झाला. मात्र त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा आमचा हक्क कायम आहे.

तो हक्क बजावला गेला 1767 साली, ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडच्या जकातींनी. काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. चहावर वजनी पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, 3 पेन्स. 1770मध्ये बाकीच्या जकाती काढल्या, चहावरची मुद्दाम ठेवली. म्हणजे 1773मध्ये हा कर सहा वर्षं जुना होता.

मग टी अ‍ॅक्टने केलं काय? ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होती आणि तिच्या लंडनच्या गोदामांत विकला न गेलेला चहा साठला होता. (पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते हेच साल.) तोवर कंपनीला चहा लंडनच्या लिलावातच विकावा लागे. तिथून तो ब्रिटिश व्यापारी, मग अमेरिकन व्यापारी असा फिरत जाई. आता कंपनीला थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा मिळाली आणि इंग्लंडमधली जकात पूर्ण परत मिळू लागली. मधले दलाल कटले, आणि चोरट्या डच चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडेल असा हिशेब होता. पोट दुखलं ते व्यापाऱ्यांचं आणि तस्करांचं. बाकीच्यांना दिसलं ते आमिष: स्वस्त चहा प्यायलात की 3 पेन्सचा कर मान्य केलात.

आणि हा चहा आसामचा नव्हे, चीनचा. आसामचा चहा बाजारात यायला अजून सहा दशकं होती.

विरोधकांनी 1765चाच डाव पुन्हा टाकला: चहा उतरवून घेणाऱ्या आडत्यांना पद सोडायला लावायचं. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियात तो साधला, जहाजं माल न उतरवता परत फिरली. बॉस्टनमध्ये आडते हटेनात. त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते, आणि जकात भरल्याशिवाय जहाजं सोडायला हचिन्सन तयार नव्हता. नियम असा की 20 दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम्स माल जप्त करणार. पहिल्या जहाजाची मुदत 17 डिसेंबरला संपत होती. 16च्या रात्री 342 पेट्या फोडल्या गेल्या, सुमारे 42 टन चहा. ओहोटी असल्याने पाणी उथळ होतं. चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचले, ते ढकलून पसरवावे लागले.

1766मध्ये लंडनने माघार घेतली होती. या वेळी 1 जून 1774पासून बॉस्टनचं बंदरच बंद केलं, भरपाई मिळेपर्यंत. दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदरात मात्र 20 दिवसांची मुदत उलटली, कस्टम्सने चहा जप्त करून कोठारात टाकला. पुढे क्रांतिकारकांनीच तो विकला आणि पैसा आपल्या लढ्यात घातला.