संपातून आलेला विषय, आता सक्तीचा

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घ्यायची, तर एथनिक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक अल्पसंख्याकांच्या इतिहासाचा आणि संस्कृतीचा, तीन युनिटांचा एक कोर्स करावाच लागतो. मग विद्यार्थी इंजिनिअरिंगचा असो की नर्सिंगचा. त्यामुळे वर्गात दोन तऱ्हेची मुलं शेजारीशेजारी बसतात. काही ‘एकदाची ही अट उरकू’ म्हणून आलेली असतात, तर काहींना आपल्या आजीआजोबांचा इतिहास अभ्यासक्रमात पहिल्यांदाच भेटतो. ज्यांनी हा विषय भांडून मिळवला, त्यांच्यापुढे सक्तीचा प्रश्नच नव्हता. त्यांचं भांडण तो शिकवला जावा यासाठी होतं.

ते भांडण सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातलं. ते कॉलेज आज याच विद्यापीठाचा भाग आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या १९६० च्या आराखड्याने उच्च शिक्षणाची उतरंड ठरवून दिली होती: वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरच्या एक-तृतीयांशातले स्टेट कॉलेजांत, बाकीचे ज्युनियर कॉलेजांत. कागदावर हे गुणवत्तेनुसार होतं. प्रत्यक्षात गरीब वस्त्यांतल्या शाळांमधून आलेल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मुलांना वरची दारं बंद होऊ लागली. त्यात व्हिएतनाम युद्धाची सक्तीची लष्करभरती. कॉलेजात नाव नसलेल्या तरुणाला तर ती अधिकच जवळची.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे जॉर्ज मरे सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये इंग्रजी शिकवत. त्यांना निलंबित केलं आणि ठिणगी पडली. ६ नोव्हेंबर १९६८ ला ब्लॅक स्टुडंट्स युनियनने संप पुकारला. लॅटिनो, चिनी, फिलिपिनो, जपानी वंशाच्या संघटनांची आघाडी, म्हणजे थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट, त्यात उतरली. दोघांच्या मिळून पंधरा मागण्या होत्या. स्वतंत्र अध्यापन विभाग हवा, वंचित विद्यार्थ्यांना प्रवेश हवा, आणि काय शिकवायचं यात आमचं म्हणणं ऐका. यातली शेवटची मागणी प्रशासनाला सर्वांत झोंबली असावी.

कॉलेजचे हंगामी अध्यक्ष म्हणून आणलेले एस. आय. हायाकावा हे इंग्रजीचे प्राध्यापक, स्वतः जपानी वंशाचे. २ डिसेंबरला ते संपकऱ्यांच्या ट्रकवर चढले आणि त्यांनी लाउडस्पीकरच्या तारा उपटल्या. ते दृश्य टीव्हीवर देशभर गेलं आणि पुढे हायाकावा सिनेटर झाले. २३ जानेवारीला एकाच दिवशी चारशेहून अधिक जणांना अटक झाली. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी तिथे एथनिक स्टडीजचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. मरे यांना मात्र नोकरी परत मिळाली नाही. त्याच हिवाळ्यात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली कॅम्पसमध्येही असाच संप झाला आणि तिथेही विभाग मिळाला.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती याच ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन.

संपानंतरची पन्नास वर्षं एथनिक स्टडीजने आपले विभाग टिकवण्यात घालवली. २०१० मध्ये ॲरिझोनाने कायदा करून टूसॉनच्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडला. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्यामागे वांशिक आकस असल्याचा निकाल दिला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये नववीतल्या कमी गुणांच्या मुलांना हा विषय दिल्यावर काय झालं ते तपासलं, तेव्हा हजेरी २१ टक्के-अंकांनी वाढलेली दिसली. हा आकडा आता कॉलेजच्या सक्तीसाठीही सर्रास पुढे केला जातो, ते मला पटत नाही. तो मोजक्या शाळांमधल्या, तयारीच्या शिक्षकांनी चालवलेल्या वर्गांचा आहे.

सक्ती आली ती १७ ऑगस्ट २०२० ला सही झालेल्या एबी १४६० कायद्याने. विधेयक शर्ली वेबर यांचं. आमदार होण्याआधी त्यांनी सॅन दिएगो स्टेटमध्ये आफ्रिकाना स्टडीज, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या लोकांचा अभ्यास, हा विषय शिकवला होता. विद्यापीठ प्रशासनाला सामाजिक न्यायाचे इतर कोर्सही चालतील अशी सैल अट हवी होती. कायद्याने मात्र चारच समूहांवर बोट ठेवलं: मूलनिवासी, आफ्रिकन-अमेरिकन, आशियाई-अमेरिकन, लॅटिनो. आशियाई भागात १९२३ चा भगतसिंग थिंड खटला येतो, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयाला ‘गोरा’ मानायला आणि म्हणून नागरिकत्व द्यायला नकार दिला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जातीचाही उल्लेख केला. त्यामागेही विद्यार्थ्यांचा रेटा होता.

शाळांसाठीचा असाच कायदा २०२१ मध्ये झाला, पण त्याची सक्ती सरकारी निधीवर अवलंबून ठेवली गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात तो निधी आला नाही.