पंखा मेला की वाट बुजली?

लॅपटॉप तापला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पंखा गेला वाटतं.’ गेल्या मे महिन्यात मीही तेच म्हणालो. देवळाच्या मांडवात नाटकाची तालीम चालली होती आणि पार्श्वसंगीताचा लॅपटॉप ऐन प्रवेशात आपोआप बंद पडला. खालून हात लावून देत नव्हता. त्याच रात्री मी नवा पंखा मागवला. तो आल्यावर झाकण उघडलं, जुना पंखा सहज बोटाने ढकलून पाहिला, तर गडी मजेत गरगरला. त्याला काहीच झालं नव्हतं. त्याच्या तोंडाशी जी धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते, तिच्यावर आमच्या डिचोलीच्या लाल धुळीची आणि केसांची चक्क गोधडी विणली गेली होती. चिमट्याने धरली तर अखंड सुटून आली.

पंखा न फिरणं वेगळं, आणि पंखा फिरूनही वारा बाहेर न पडणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण प्रोसेसरला त्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त उष्णता कळते. १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की तो आपला वेग कमी करतो, म्हणून मशीन रेंगाळतं. तरीही ताप चढत राहिला तर जीव वाचवायला सगळं बंद करतो.

कान आणि तळहात एकदम लावले की फरक कळतो. लॅपटॉप टेबलावर ठेवा, एखादं जड काम लावा आणि बाजूच्या किंवा मागच्या फटीसमोर हात धरा. पंख्याची घरघर जोरात, पण हाताला वारा जेमतेम, तर वाट बुजली आहे. ना आवाज ना वारा, तर पंखा संशयित. वारा चांगला पण खरखर येते, तर पंखा अजून जिवंत आहे, बेअरिंग मात्र झिजत चाललंय. मांडवात पेटी-तबल्याच्या गोंगाटात मला ती घरघर ऐकूच आली नव्हती, नाहीतर पंख्याचे पैसे वाचले असते.

गप्प पंख्यावर लगेच मेल्याचा शिक्का मारू नका. हलकं काम असताना पुष्कळ लॅपटॉप पंखा मुद्दाम थांबवतात. एचपीवर सुरू होताना एफ-२ आणि डेलवर एफ-१२ दाबून तपासणीत शिरता येतं, तिथे काय ते कळतं.

बुजलेल्या वाटेचं दुखणं हळूहळू येतं. महिन्या-महिन्याने आवाज वाढत जातो आणि आपल्याला त्याची सवय होते. त्यातली फसवी गोष्ट म्हणजे गोधडी जाळीच्या आतल्या बाजूला बसते. बाहेरून टॉर्च मारली तर वरवर सगळं स्वच्छ दिसू शकतं. मग लोक बाहेरच्या फटीतून ब्लोअर मारतात. तो थर सुटून उलटा पंख्यावर जातो, पात्यांत अडकतो, आणि चांगला पंखा खरंच बंद पडतो. झाकण उघडा, बॅटरीचं कनेक्टर आधी काढा, पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा आणि मगच हवा मारा. हवेने पंखा सुसाट फिरला तर बेअरिंगला ते सोसत नाही.

न फिरणाऱ्या पंख्यातही दोन जाती आहेत. बोटाने ढकलल्यावर अडखळत, जड फिरला तर बेअरिंग गेलं किंवा आत केस गुंतलाय. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही दिवस निभावून नेतो, नवा पंखा येईपर्यंत पुरे. खोबरेल मात्र घालू नका. कुरकुरणाऱ्या दारापासून सगळ्यावर आपला तोच उपाय, पण ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन बसतं. पंखा हलका फिरतोय आणि तरी चालू होत नाही, तर दोष बहुधा विजेच्या बाजूला: वायर, कनेक्टर, बोर्ड किंवा मोटर.

नवा घेताना लॅपटॉपचं नाव सांगून भागत नाही. पंख्याच्या स्टिकरवरचा नंबर जुळवा, कितीचे व्होल्ट ते पाहा (बहुतेक ५ असतात), आणि वायरी ३ की ४ ते मोजा. काही लॅपटॉपांत पंखा दोन-तीन स्क्रूंवर सुटा निघतो. काहींत तो तांब्याच्या नळीसकट उचलावा लागतो. मग प्रोसेसरची उष्णता त्या नळीकडे पोचवणारी वाळलेली जुनी पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय गत्यंतर नाही. उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

माझी बहीण हरमलला राहते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिचा लॅपटॉप तापायचा, म्हणून तिने दोनदा ब्लोअर मारून घेतला. ‘दादा, कचराच असणार,’ म्हणाली. मी फटीला कान लावला, आवाज शून्य. उघडला तर जाळी लख्ख, पंखा बोटाने फुलासारखा फिरणारा. कनेक्टरच्या पिनांवर मात्र खाऱ्या हवेचा हिरवट थर चढला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासला, वाळू दिला, जोडला. पंखा फिरला. लॅपटॉप तिने आता खिडकीखालून उचलून आतल्या खोलीत नेलाय.