हवेच्या साच्यावर उभा राहणारा घुमट

काँक्रीटचा घुमट बांधताना बरेचसे कष्ट त्याच्याखालच्या सेंटरिंगमध्येच खर्ची पडतात. वक्र पृष्ठभागासाठी फळ्या निरनिराळ्या मापांच्या कापाव्या लागतात, टेकूंचे रान उभारावे लागते आणि काँक्रीट पक्के झाले की ते सारे उतरवावे लागते. हे ओझे हवेवर सोपवण्याची कल्पना अमेरिकी वास्तुरचनाकार वॉलेस नेफ यांनी 1940च्या दशकात प्रत्यक्षात आणली. फुगवलेल्या फुग्यावर काँक्रीटचा फवारा मारून त्यांनी घरे बांधली.

हवा एवढे वजन पेलेल कशी, ही शंका साहजिक आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो असते, म्हणजे 10 सेंटिमीटर जाडीच्या कवचाचा भार चौरस मीटरला 240 किलो होतो. आपल्याभोवतीची हवा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10,000 किलोंच्या भाराइतका दाब सतत देत असते. त्यामुळे फुग्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जास्त असला, तरी तेवढा भार तोलला जातो. खरी अडचण असते ती आकार टिकवण्याची, कारण एका बाजूला काँक्रीट जास्त पडले की फुगा तिथे दबतो आणि ती चूक कवचात कायमची गोठते. म्हणूनच फवारा पातळ थरांत मारतात.

इटलीच्या दान्ते बिनी यांनी 1960च्या दशकात क्रमच उलटा केला. त्यांच्या पद्धतीत जमिनीवर सपाट अंथरलेल्या पटलावर सळया व स्प्रिंगा मांडून ओले काँक्रीट पसरतात आणि मग खालून हवा भरतात. पटल वर येऊ लागले की स्प्रिंगा ताणल्या जातात, सळया आपापल्या जागी सरकतात आणि ओले काँक्रीट घसरण्याऐवजी त्या जाळीत अडकून राहते. हे सारे काँक्रीट घट्ट होऊ लागण्यापूर्वी उरकावे लागते आणि ते कडक होईपर्यंत दाब ढळू देऊन चालत नाही. मला या पद्धतीतला हा टप्पा सर्वांत नाजूक वाटतो.

हवा सोडल्यावर घुमट आपल्याच वजनाखाली बहुतांशी दाबात राहतो आणि दाब सोसणे हा काँक्रीटचा मोठा गुण आहे. अर्धगोलाच्या खालच्या भागात मात्र, शिखरापासून सुमारे 52 अंशांच्या पुढे, आडवा ताण निर्माण होतो. तिथे सळयांची कडी भक्कम हवी.

व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात 2014 साली याच्याही पुढचा प्रयोग झाला. तेथील संशोधकांनी पाकळ्यांसारखे सपाट तुकडे आधी पूर्ण कडक होऊ दिले, मग खालच्या हवेच्या गादीने ते उचलले आणि कडेभोवतीच्या तारा आवळत सुमारे 2.9 मीटर उंचीचा घुमट जुळवला. कडक काँक्रीट वाकताना त्याला बारीक भेगा पडतात, पण आतल्या सळया तुकडे धरून ठेवतात.