थायरॉइडच्या गाठींचे निदान : पॅथॉलॉजिस्टांमधील एकमत

थायरॉइडची (अवटू ग्रंथीची) एकच गाठ वेगवेगळ्या पॅथॉलॉजिस्टांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर त्यांचे निदान कितपत जुळते, हा कर्करोगनिदानातील एक जुना आणि कळीचा प्रश्न आहे. नेहमीच्या रूपातला पॅपिलरी कर्करोग ओळखताना सहसा वाद होत नाही. मेड्युलरी कर्करोगाला कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या तपासणीचा आधार मिळतो. वाद पेटतो तो चहूबाजूंनी वेष्टन असलेल्या आणि आत फॉलिकलची, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांची रचना असलेल्या गाठींवर.

अशा गाठीत आधी पेशींची केंद्रके पाहावी लागतात. पॅपिलरी कर्करोगात ती मोठी, दाटीने एकमेकांवर चढलेली, वेड्यावाकड्या कडांची, खाचा पडलेली आणि आतून फिकट दिसतात. पण ही लक्षणे गाठीच्या एखाद्याच कोपऱ्यात आणि तीही अर्धवट असली तर? किती बदल पुरेसा मानायचा, याची रेघ ज्याची त्याने आखलेली असते. मग येते वेष्टन. पेशी त्यात अर्ध्यावर शिरल्या आहेत की आरपार गेल्या आहेत? की आधी सुईने केलेल्या तपासणीच्या जागी नुसत्या ढकलल्या गेल्या आहेत? रक्तवाहिनीत सुट्या तरंगणाऱ्या पेशी दिसल्या म्हणून आक्रमण ठरत नाही; त्या भिंतीला चिकटलेल्या असाव्या लागतात. शिवाय वेष्टनाचा जो भाग कापून स्लाइडवर घेतलाच नाही, त्याबद्दल कोणीच काही सांगू शकत नाही.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार अमेरिकी आणि चार जपानी पॅथॉलॉजिस्टांनी अशा २१ गाठी तपासल्या. आठही जणांचे एकमत झाले ते फक्त दोन गाठींवर. अमेरिकी तज्ज्ञ पॅपिलरी कर्करोगाचे निदान जास्त वेळा करत होते. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात दहा अनुभवी तज्ज्ञांपुढे ८७ गाठी होत्या; सर्वांचे मत जुळले ३९ टक्के गाठींत. ज्या २१ गाठी पुढे शरीरात पसरल्याचे माहीत होते, त्यांच्यात मात्र एकमत सुमारे दोन तृतीयांशापर्यंत गेले. म्हणजे रोग जिथे खरोखर आक्रमक होता, तिथे मतेही जास्त जुळली. हे सारे या विषयातले जाणकार होते, त्यामुळे मतभेदाचे खापर हलगर्जीपणावर फोडता येत नाही.

एकमत मोजताना नुसती टक्केवारी फसवी ठरते. समजा, दोघांनी १०० गाठी पाहिल्या आणि प्रत्येकाने ९० साध्या ठरवल्या. न पाहता शिक्के मारले असते, तरी योगायोगाने ८२ ठिकाणी मत जुळले असते. प्रत्यक्षात ९० जुळली, तर योगायोग वजा करणारा कोहेन यांचा ‘कप्पा’ हा निर्देशांक (१९६०) येतो ०.४४, म्हणजे जेमतेम मध्यम.

रुग्णाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. कर्करोग म्हटले की कित्येकदा पूर्ण ग्रंथी काढली जाते, किरणोत्सारी आयोडीन दिले जाते आणि थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतरच्या गाठी तपासणाऱ्या तज्ज्ञगटाने २००० सालीच अनिश्चित गाठींसाठी वेगळा वर्ग सुचवला होता. २०१६ मध्ये सात देशांच्या २४ पॅथॉलॉजिस्टांनी आक्रमण नसलेल्या १०९ गाठींचा मागोवा प्रसिद्ध केला. १० ते २६ वर्षांत एकाही रुग्णात रोग उलटला नव्हता, आणि त्यांपैकी कोणालाही किरणोत्सारी आयोडीन दिलेले नव्हते. या गाठींना ‘निफ्टप’ (‘पॅपिलरी धर्तीची केंद्रके असलेली, आक्रमण नसलेली फॉलिक्युलर गाठ’ याच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) हे नवे नाव देऊन कर्करोगाच्या यादीतून वगळण्यात आले. केंद्रकांसाठी गुणपद्धतीही ठरली : आकार, कडा आणि क्रोमॅटिन (केंद्रकातले जनुकीय द्रव्य) यांना प्रत्येकी शून्य किंवा एक गुण, दोन किंवा तीन झाले तर केंद्रके पॅपिलरी धर्तीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणात ‘निफ्टप’ आणि ‘अनिश्चित क्षमतेची गाठ’ या दोन्हींना स्थान मिळाले.

वाद त्याने मिटला नाही. बराचसा वेष्टनाकडे सरकला. ‘निफ्टप’ म्हणण्यासाठी वेष्टन संपूर्ण तपासलेले असावे लागते, आणि ते वेळखाऊ काम आहे. जनुकीय चाचण्यांची मदतही मर्यादितच : बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल आढळला तर ‘निफ्टप’ बाद होते, पण आरएएस जनुकातले बदल साध्या गाठीतही सापडतात आणि कर्करोगातही. म्हणून शंकास्पद गाठीची स्लाइड दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवणे हाच आजही भरवशाचा मार्ग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरून आलेल्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) पुन्हा तपासले जातात. रुग्णाने अहवालाच्या कागदाबरोबर तेही मागून घ्यावेत, कारण फेरतपासणी होते ती त्यांचीच.