सी भाषेतील कमांड लाइन आर्ग्युमेंट आणि चल-लांबीचे ॲरे

प्रोग्राम चालू करताना त्याच्या नावापुढे त्याच ओळीत जे शब्द टंकले जातात त्यांना कमांड लाइन आर्ग्युमेंट म्हणतात. सी भाषेत ते मेन फंक्शनच्या दोन पॅरामीटरांतून मिळतात. आर्गसी ही शब्दांची संख्या, तर आर्गव्ही हा त्या शब्दांचे पत्ते धरून ठेवणारा पॉइंटरांचा ॲरे. ही नावे निव्वळ रूढीची आहेत. दुसरी ठेवली तरी कंपायलर हरकत घेत नाही. ज्या ॲरेची लांबी कंपायल होताना नव्हे तर प्रोग्राम चालू असताना ठरते, तो चल-लांबीचा ॲरे किंवा व्हीएलए. वापरणाऱ्याने टंकलेली संख्याच ॲरेची लांबी म्हणून वापरली, की या दोन विषयांची गाठ पडते आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

'बेरीज १२ ३० ७' अशी ओळ दिली तर आर्गसी ४ येते, ३ नव्हे. प्रोग्रामचे स्वतःचे नावही मोजले जाते. नाव शून्याव्या स्थानी, आकडे १ ते ३ या स्थानांवर, आणि स्थान ४ वर नल पॉइंटर, म्हणजे कुठलाच पत्ता न धरणारा पॉइंटर. हा शेवटचा नल सी भाषेच्या अधिकृत नियमावलीने, म्हणजे मानकानेच बंधनकारक केला आहे, त्यामुळे आर्गसीकडे न पाहताही नल भेटेपर्यंत पुढे सरकता येते. शून्याव्या स्थानी नाव असेलच याची मात्र हमी नाही, कारण आर्गसी शून्य असण्यालाही मानकाची मुभा आहे. दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने कमांड चालवून देणाऱ्या लिनक्सवरील पीकेएक्झेक या प्रोग्रामने ही शक्यता लक्षातच घेतली नव्हती. रिकामी यादी देऊन त्याला चालवले की तो ॲरेच्या पलीकडची स्मृती वाचू लागे, आणि त्या वाटेने साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे प्रणालीवरचे सर्वोच्च अधिकार मिळवता येत. २००९ पासून दडलेली ही चूक जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. त्याच वर्षीच्या लिनक्स ५.१८ पासून यादी रिकामी असेल तर कर्नेलच (प्रणालीचा गाभा) तिच्यात एक रिकामी स्ट्रिंग घालतो.

ओळीचे शब्द कोण पाडतो, हे प्रणालीवर अवलंबून आहे. युनिक्सच्या घराण्यात हे काम शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम करतो. अवतरणचिन्हे काढणे, तारांकनाच्या जागी फायलींची नावे भरणे, सगळे आधीच उरकलेले असते. विंडोजमध्ये प्रोग्रामला अखंड ओळ मिळते आणि सीची रनटाइम लायब्ररी तिचे तुकडे करते.

हाती येतो तो प्रत्येक शब्द मजकूरच असतो, आकडा दिसला तरी. शिकणारे त्याचा पूर्णांक करायला एटूआय हे फंक्शन वापरतात. 'अबक' दिले तरी ते शून्यच परत करते आणि '०' दिले तरी शून्यच. चूक कळायला मार्ग नाही. त्याच कामाचे एसटीआरटूएल हे फंक्शन वाचन कुठे थांबले ते सांगते आणि संख्या आवाक्याबाहेर गेली तर एररनो या चूक नोंदवणाऱ्या चलात खूण ठेवते, म्हणून गंभीर कामात तेच वापरावे. (वरच्या उदाहरणातले आकडे खरोखरच देवनागरीत टंकले तर दोन्ही फंक्शने शून्य देतील. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो आणि ही फंक्शने फक्त इंग्रजी (0 ते 9) अंक ओळखतात. देवनागरी अक्षरे आणि मात्राही तीन-तीन बाइटांच्या असल्याने 'मराठी' या शब्दाची एसटीआरलेन या बाइट मोजणाऱ्या फंक्शनने मोजलेली लांबी १५ भरते.)

चल-लांबीचे ॲरे १९९९ च्या सी९९ मानकाने आणले. त्याआधी लांबी स्थिरांकच असावी लागे. गणिती कामे करणाऱ्यांना फोरट्रानमध्ये फंक्शनला कोणत्याही आकाराचे मॅट्रिक्स देता येई, सीमध्ये ते अवघड होते. मागणी मुख्यतः तिथून आली. सीचे जनक डेनिस रिची यांनी १९९० मध्ये वेगळी योजना सुचवली होती. तिच्यात पॉइंटरने आकारही सोबत बाळगायचा होता. ती स्वीकारली गेली नाही.

बहुतेक कंपायलर व्हीएलए स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शनांच्या चलांसाठी राखलेल्या मर्यादित स्मृतीत ठेवतात, आणि खरी अडचण हीच आहे. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी, विंडोजवर १ एमबी. कोणी ओळीत ५०००००० टंकले आणि प्रोग्रामने तेवढ्या चार-बाइटी पूर्णांकांचा ॲरे मागितला, तर २० एमबी लागतात आणि बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडतो. स्टॅकबाहेरची स्मृती मागून देणारे मॅलॉक हे फंक्शन निदान नल देऊन नकार कळवू शकते. व्हीएलएला नकार कळवण्याची सोयच नाही. लांबी शून्य किंवा ऋण आली तर वर्तन अनिश्चित. म्हणून आधी एसटीआरटूएलने आकडा वाचावा, मग त्याला वरची-खालची सीमा घालावी, आणि तरीही शक्यतो मॅलॉककडेच जावे. लिनक्स कर्नेलमध्ये तर प्रत्येक थ्रेडचा स्टॅक ६४-बिट एक्स८६ वर अवघा १६ केबी असतो. तिथून २०१८ मध्ये सगळे व्हीएलए काढून टाकले गेले.

सी११ ने ही सोय ऐच्छिक केली. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ती दिलीच नाही, आणि सी++ च्या मानकातही ती नाही. तरी सगळीच कल्पना टाकाऊ ठरली नाही. फंक्शनच्या पॅरामीटरांत आधी ओळी आणि स्तंभ घेऊन मग त्या मापाचा द्विमितीय ॲरे घेता येतो. तसेच चल मापाच्या ओळीकडे दाखवणारा पॉइंटर करून त्यात मॅलॉकची जागा धरली, तर ओळ आणि स्तंभ दोन कंसांत सरळ लिहिता येतात आणि स्टॅकलाही धक्का लागत नाही. सी२३ मानकाने हे चल-मापाचे प्रकार पुन्हा सक्तीचे केले. स्टॅकवर राहणारे ॲरे मात्र ऐच्छिकच ठेवले.