सीमाभाग (वृत्तपत्रीय शब्द)

सीमाभाग : कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा आणि सैल अर्थाने कारवार, बीदर, भालकीपर्यंतचा मराठी मुलूख, यांसाठी मराठी वृत्तपत्रांत रुळलेला शब्द. त्यात भाषेचा उल्लेख नाही, जिल्ह्याचा नाही, राज्याचाही नाही. तरी मराठी वाचकाला तो वाचून कच्छ किंवा काश्मीर आठवत नाही, बेळगावच आठवते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी या अर्थाची गरजच नव्हती. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याआधीच्या काळात हद्दी होत्या त्या कोल्हापूर, सांगली, जमखंडी अशा संस्थानांशी, आणि घाटाखाली पोर्तुगीज गोव्याशी. शेतकऱ्याच्या तोंडी शब्द होता ‘शीव’, फौजदाराच्या तोंडी ‘हद्द’. छापील ‘सरहद्द’ म्हटले की वायव्येकडचा प्रांत डोळ्यांपुढे यायचा. खान अब्दुल गफार खान ‘सरहद्द गांधी’ झाले ते त्यामुळेच.

मागणीचा शब्दही वेगळा होता. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. (बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये काढलेला बेळगावचा ‘तरुण भारत’ वेगळा, नावे सारखी असल्याने घोटाळा होतो.) पुढे घोषणा घुमली ती ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. घोषणेत गावे आपापल्या नावाने उभी होती. ‘सीमाभाग’ने ती सगळी एका गाठोड्यात बांधली. मथळ्याला ते सोयीचे. गावांना किती, हा प्रश्न वेगळा.

राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. शब्दाचा खरा अर्थ इथे उघडा पडतो. चंदगड, गडहिंग्लज, कागल हे महाराष्ट्रातले तालुकेही सीमेला खेटूनच आहेत; नकाशा पाहिला तर तेही सीमाभागच. पण बेळगावच्या प्रश्नाची बातमी लिहिताना त्यांना कोणी तसे म्हणत नाही. म्हणजे शब्द भूगोलाचा नाही, जे पलीकडे राहिले त्याचा आहे. आणि जी रेषा मान्य नाही म्हणून भांडण, तिचेच नाव तो अंगावर घेऊन फिरतो.

याच मुळाचे इतर समासही पाहण्याजोगे आहेत. ‘सीमावाद’ म्हटले की दोन्ही बाजूंना सारखे माप, ‘सीमाप्रश्न’ म्हटले की कोणीतरी उत्तर देणे लागतो, आणि ‘सीमालढा’ म्हणणारा स्वतः लढ्यात असतो. सीमाआंदोलनातल्या बळींच्या स्मरणाचा १७ जानेवारीचा हुतात्मा दिन किंवा १ नोव्हेंबरचा काळा दिन यांच्या बातम्यांत बहुधा तिसरा शब्द येतो. ‘सीमावासीय’ हा तर व्याकरणाला न जुमानणारा समास. ‘वासी’ म्हटल्यावर ‘ईय’ कशाला? शिवाय रेषेवर राहते कोण? पण तो इतका रुजला आहे की आता सुधारायला जाणाराच चुकीचा ठरेल.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ‘सीमा’ म्हणजे जवानांची सीमा होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने इथल्या वाचकाला एकाच पानावर दोन सीमा भेटत : मुलगा सीमेवर, घर सीमाभागात.

सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात बेळगाव म्हैसूरकडेच राहिले आणि महाराष्ट्राने तो नाकारला. शब्दाला महाराष्ट्राने मागितलेल्या गावांचा आकडाही चिकटला. आधी ८१४ गावे, नंतर ८६५. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ‘वादग्रस्त सीमाभाग’ ही कोर्टकचेरीची जोडी बातम्यांत पक्की झाली. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांतही ती सापडते : या ८६५ गावांतला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार. लढ्याचा शब्द अर्जातला रकाना झाला, हे त्याचे सर्वांत व्यवहारी रूप.

अलीकडे ‘कर्नाटकव्याप्त महाराष्ट्र’ असा तिखट पर्याय पुढे आला. उद्धव ठाकरे यांनी २०२२ मध्ये विधिमंडळात तो वापरला आणि मथळ्यांनी उचलला. रोजच्या बातमीत मात्र ‘सीमाभाग’च टिकला. त्याच वर्षी कर्नाटकाने जत तालुक्यातील गावांवर हक्क सांगितला, तेव्हा हा शब्द सांगली जिल्ह्यातल्या गावांनाही लागू लागला.

कन्नडमध्ये सीमेला ‘गडी’ म्हणतात आणि कन्नड वृत्तपत्रांतही ‘गडीभाग’ हा शब्द आहे. मराठीत गडी म्हणजे राबणारा माणूस, नाहीतर खेळातला भिडू. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.