दंतपुनर्भरणाची हस्तउपकरणे

दाताचा किडलेला भाग काढून पोकळी भरण्यासाठी आणि दाताला मूळचा आकार परत देण्यासाठी दंतवैद्य जी बारीक धातूची साधने हाताने चालवतो, त्यांना दंतपुनर्भरणाची हस्तउपकरणे म्हणतात. सांगली-मिरजेकडचा रुग्ण ‘दातात चांदी भरली’ किंवा ‘सिमेंट भरलं’ एवढेच सांगतो. त्या भरण्यामागे आठ-दहा वेगवेगळी साधने हाताळली गेलेली असतात.

प्रत्येक उपकरणाचे तीन भाग असतात : दांडा, मान आणि पाते. यांपैकी मानेची रचना सर्वांत महत्त्वाची आहे. पात्याची धार दांड्याच्या मध्यरेषेपासून २ मिमीपेक्षा दूर गेली, तर जोर लावताच उपकरण बोटांत फिरते. त्यामुळे मागच्या दाढेपर्यंत पोहोचण्यासाठी मान वाकवली, तरी तिला उलट दिशेने आणखी एक-दोन वाक देऊन धार पुन्हा मध्यरेषेजवळ आणली जाते. या उपकरणांची पद्धतशीर मोजणी अमेरिकन दंतवैद्य ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी रूढ केली. दांड्यावर कोरलेल्या १०-७-१४ या सूत्रात पात्याची रुंदी १ मिमी (१० दशांश), लांबी ७ मिमी आणि वर्तुळाचे १०० भाग मानून दांड्याशी होणारा कोन १४ भाग, म्हणजे सुमारे ५० अंश, असा अर्थ असतो.

मऊ पडलेली कीड चमच्याच्या आकाराच्या एक्स्कॅव्हेटर या खरवडणीने खरवडतात. कीड मऊ कुठे आहे आणि खालचे टणक डेंटिन (एनॅमल या वरच्या कठीण आवरणाखालचा दाताचा थर) कुठे लागले, हे पात्यातून बोटांना जाणवते. यंत्राने फिरणाऱ्या बरमधून (दात कोरणाऱ्या टोकातून) ते इतके स्पष्ट कळत नाही. आधार गमावलेली एनॅमलची कड छिनी किंवा हॅचेटने (कुऱ्हाडीसारख्या पात्याच्या उपकरणाने) तोडतात. चांदी, म्हणजे चांदी-पाऱ्याचे मिश्रण, दाबण्याच्या कंडेन्सरने दाबून, कोरण्याच्या कार्व्हरने कोरून आणि गुळगुळीत करणाऱ्या बर्निशरने घासून बसवतात. कॉम्पोझिट हा दातांच्या रंगाचा राळेचा पदार्थ उपकरणाला चिकटतो, म्हणून तो भरण्याच्या काही उपकरणांवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो. दोन दातांमधली भिंत उभी करताना मॅट्रिक्स बँड (दाताभोवती गुंडाळायची पातळ धातूची पट्टी) आणि लाकडी पाचर लागते. पाचर नीट बसली नाही, तर भरलेला पदार्थ हिरडीकडे बाहेर येतो आणि तिथे अन्न अडकते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत मिश्री लावण्याची सवय अनेक स्त्रियांना आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड रोज जोराने घासल्याने दात हिरडीजवळ झिजतात. तेथे ग्लास आयोनोमर हे दाताला चिकटणारे सिमेंट चपट्या पात्याच्या उपकरणाने भरतात, मात्र घासण्याची सवय सुटली नाही तर झीज चालूच राहते. टांझानियात १९८० च्या दशकाच्या मध्यात विकसित झालेल्या एआरटी (अट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट) पद्धतीत तर केवळ हस्तउपकरणांनी कीड काढून हेच सिमेंट भरले जाते. तिला विजेची गरज नसल्याने जत किंवा माण यांसारख्या तालुक्यांतील गावच्या शिबिरातही ती वापरता येते.

धारेची निगा हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बोथट एक्स्कॅव्हेटरला जास्त जोर द्यावा लागतो, तो निसटतो आणि रुग्णाला विनाकारण दुखते. धार पाहण्यासाठी पाते प्लॅस्टिकच्या काडीवर टेकवतात : ते रुतले तर धार आहे, घसरले तर गेली आहे. धार अर्कान्सा या बारीक कणांच्या धारेच्या दगडावर तेल घालून, मूळचा कोन न बदलता लावतात. वापरानंतर उपकरणे आधी घासून धुतात आणि मग जंतू मारण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटे ठेवतात. कार्बन पोलादाची धार जास्त टिकते, पण वाफेत ते गंजते. त्यामुळे आता बहुतेक उपकरणे स्टेनलेस स्टीलची असतात आणि त्यांना वारंवार धार लावावी लागते.